भोक न पाडता

डार्मश्टाट, १२ नोव्हेंबर १९५८

रायफलवर दुर्बीण बसली एकदाची, पण मन थाऱ्यावर नाही.

घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर यांच्या धाकट्या भावाची, ओट्टोची, ही लष्करी रायफल. युद्ध संपता संपता तो ती घेऊन घरी आला, दाराशी टेकवून ठेवली आणि मागच्या जंगलात गेला तो गेलाच. आता म्हाताऱ्या क्रेमरना नीट दिसत नाही, शिकारीसाठी दुर्बीण हवी. अट एकच, भोक पाडायचं नाही. "ओट्टो रागावेल." मी हसलो होतो. का हसलो?

वर्कशॉपमध्ये दुर्बीण धरून ठेवणारी पकड बनवली. नेम धरायची मागची पट्टी काढून तिच्या बैठकीवर पकड दोन्ही बाजूंनी आवळली, आत चामडं घातलं. ओरखडासुद्धा नाही.

आज संध्याकाळी त्यांनी रिकामी रायफल स्वयंपाकघराच्या खिडकीतून जंगलाकडे धरली. किती वेळ! मग मान हलवली, ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवतात तशी. ओठही पुटपुटले. मी पाहिलं तर नुसती झाडं.

"आल्झो, बरं तर, आता काढा ती दुर्बीण."

"पण शिकार?"

"भोक नाही, हे त्याने पाहिलं. खूश आहे."

स्क्रू सोडवले. बैठकीवर खरंच ओरखडा नव्हता. एकटेपणा, दुसरं काय, असं मनाशी म्हणत जिना चढत होतो, तर खालून हाक आली.

"कुणी बसवली, विचारत होता. तुमचं नाव सांगितलं. वरच्या खोलीत राहतात म्हणालो."

माझी खिडकी जंगलाकडे आहे. तिला पडदा नाही.