अर्धी गोळी

प्रिय दादा,

आधी सांगते, मुकादम जिवंत आहे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. खातोय, पितोय आणि दुकानात फोमच्या थप्पीवर बसून अप्पांच्या कामावर देखरेख करतोय. दुसरं असं, की तुझ्या तिकिटाचे पैसे त्याच्या दवाखान्यात गेले. आईने तुला फोनवर "एवढ्यात नको येऊस, पुढं बघू" म्हटलं, त्याचं कारण तेवढंच होतं. तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास आणि नंतर केलाच नाहीस. तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. पण तसं नाहीये. कसं आहे ते फोनवर सांगता येत नाही, कारण आपल्या घरात बोलतो एक आणि ऐकतात सगळे.

हे पैसे कुठून आले तेही तुला माहीत नाही. तू गेल्यापासून आई आणि मी ते माझ्या खात्यात टाकत होतो. माझ्या पगारातले थोडे, आईच्या उशांच्या खोळींच्या शिलाईतले थोडे, सगळे अप्पांच्या नकळत. तू दुकानातलं सोफ्यांचं काम सोडून गोदीत गेलास तेव्हा तुम्ही दोघं जे बोललात, ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर अप्पांनी तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मांजरालासुद्धा ते नावाने हाक मारत नसत, कारण नाव तू ठेवलेलं. "ते कुठं उलथलंय?" असं आईला विचारायचे. 'ते' म्हणजे मुकादम, हे आम्ही समजून घ्यायचं.

झालं असं, की शनिवारी मुकादमाने थप्पीवरून उडी मारली आणि मागचा पाय दुखावून घेतला. लंगडत होता, बाकी ठीक होता. रविवारी जेवणं झाल्यावर मी त्याला शोधलं तर तो शिलाई मशीनच्या मागे बसलेला. तोंडातून लाळ गळत होती, चेहरा सुजला होता, आणि पळून आल्यासारखा धापा टाकत होता. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या गढूळ चहाच्या रंगाच्या. नेहमीच्या डॉक्टरांचं दार बंद. तातडीचा प्राण्यांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी टोपली शोधेपर्यंत अप्पांनी टेम्पो काढला होता. म्हणाले, एक खुर्ची पोचवायचीय, वाटेत सोडतो. रविवारी कुणाच्या घरी खुर्ची पोचवायची होती ते आम्ही विचारलं नाही. मागे खुर्चीही नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, की याने काय खाल्लंय? हा प्रश्न येणार म्हणून मी निघतानाच पिशवी भरली होती. दुकानातला गोंद, लाकडाचं पॉलिश, फोमचा तुकडा, फरशी पुसायचं औषध. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मास्तरीण म्हणतोस ते उगाच नाही. एकेक डबा काढून मी त्यावरचं वाचून दाखवू लागले, शेजाऱ्यांनी उंदरांचं औषध ठेवलं असेल का तेही बोलले. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष मुकादमाच्या हिरड्यांवर होतं. त्यांनी मध्येच विचारलं, घरात कुणी वेदनेच्या गोळ्या घेतं का? मी म्हटलं, वडील घेतात, पण त्या उंच फळीवर असतात, त्याच्या हाती लागणार नाहीत. तेव्हा दाराशी उभे असलेले अप्पा पुढे आले.

"अर्धी मी दिली. माझ्या पाठीचीच. लंगडत होतं म्हणून."

आपल्याला ताप आला की ते स्वतःची गोळी मोडायचे, आठवतं? मोठ्याला अख्खी, पोराला अर्धी, साखरेत चुरून. मांजराला त्यांनी दुधात चुरून दिली होती. सकाळी, आम्ही उठायच्या आधी.

बाई रागावल्या नाहीत. माणसांची ती साधी ताप-अंगदुखीची गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, अर्धीसुद्धा जीव घेते, असं त्यांनी सरळ सांगितलं. उतारा आहे, पण तो लगेच सुरू करायला हवा आणि पुढचे काही दिवस चालू ठेवायला हवा. शिवाय प्राणवायूची पेटी, सलाईन, रोजची रक्ततपासणी. रविवार म्हणून तपासणीची फी दुप्पट. अंदाजाचा कागद माझ्या हातात आला. त्यातली निम्मी रक्कम आधी भरायची होती.

दिवसभर विम्याच्या ऑफिसात मी लोकांच्या दवाखान्याची बिलं तपासते. तशीच हाही कागद तपासत बसले. हे कशासाठी, ते दोनदा का, पेटी एकच दिवस ठेवली तर? बाई म्हणाल्या, कमी करता येईल, पण मग मी भरवसा देणार नाही, आणि सगळं केलं तरी पूर्ण भरवसा देत नाही. घरातला प्रत्येक कागद मी वाचून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे ठरलेलंच आहे. तसं मी वाचलं. आई बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तळाशी एक ओळ होती, सगळ्यांत स्वस्त. ती मी वाचली नाही. अप्पांना वाचता येत नाही, पण कागदावर माझं बोट कुठे थांबलं ते दिसतं.

"खालची राहिली," ते म्हणाले.

मी वाचली. त्रास न होता झोपवून टाकण्याचा खर्च. मग अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या तिकिटाचे आहेत ना तुमच्या दोघींकडे? ते भर. मी परत घालीन."

आईच्या मांडीवरची टोपली खाली पडली. त्यांना कसं कळलं ते तिने नंतर विचारलं, तर म्हणाले, इतक्या खोळी शिवतेस आणि घरात नवा चमचा येत नाही, तेव्हा पैसा कुठेतरी जातोच आहे.

मी पैसे भरायला खिडकीपाशी गेले. तिथल्या मुलीने प्राण्याचं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून अप्पा म्हणाले, मुकादम. मालकाच्या जागी त्यांनी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

पहिली रात्र वाईट गेली, दुसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली. तो पेटीत होता तोवर अप्पा रोज दुकान लवकर बंद करून जात आणि काचेसमोर बसत. सगळा खर्च त्यांच्या हिशेबात तीन मोठ्या सोफ्यांच्या मजुरीएवढा, कापड गिऱ्हाइकाचं धरून. आता ते बसच्या फाटक्या सीटांचं काम घेतात, जे पूर्वी कमी दर्जाचं म्हणून घेत नसत. पैसे आले की माझ्या हातावर ठेवतात, "टाक खात्यात" म्हणतात. मांजरांचाही विमा असतो, हे माझ्या ऑफिसातल्या बाईंनी आता सांगितलं. मी स्वतः विम्याच्या ऑफिसात, यावर आई अजून हसते. तुमच्या गोदीत कुणाकडे मांजर असेल तर त्या गोळीचं मात्र सांगून ठेव.

हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. तुझा फोन येईना, तेव्हा काल अप्पा माझ्या दाराशी येऊन उभे राहिले आणि त्याला लिही म्हणाले. काय लिहू विचारलं, तर जे झालं ते सगळं, गोळी मी दिली तेही. जाता जाता वळले आणि म्हणाले, "विचार त्याला, अजून रागावलाय का." मांजराच्या गोळीबद्दल की त्या जुन्या बोलण्याबद्दल, ते मी विचारलं नाही. एरवी मी विचारल्याशिवाय राहत नाही, हे तुला माहीत आहे. तिकिटाचे पैसे पुन्हा साठायला वेळ लागेल, पण उत्तर द्यायला तिकीट लागत नाही. फोन कर, आणि आईने उचलला तर तिला म्हण, अप्पांना दे.

तुझीच,
मास्तरीण