पुढचं डावं चाक

चितेगाव,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

ती. अजिनाथदादास,
धाकट्या शालूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. रविवारी फोनवर तू माझं अर्धं बोलणं ऐकलंस आणि उरलेलं अर्धं तोंडातून निघायच्या आत फोन ठेवून दिलास. कागदाचं बरं असतं, रागानं फेकला तरी परत उचलून वाचता येतो.

जीपचे फोटो मी नीट पाहिले. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर गेलेत. कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा, हे तुला माहीत आहे, आबांना वाचून दाखवशील म्हणून लिहिते. आतला पिस्टन गंजलाय आणि त्यावरचं रबर फाटलंय. अशानं ब्रेक धरतो, पण सोडायच्या वेळी सुटत नाही. मी कंपनीत दिवसभर हेच सामान तपासते. असा नग टेबलावर आला की त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला काढते, आणि साहेबसुद्धा का म्हणून विचारत नाहीत. घरात मात्र माझ्या चिठ्ठीला कुणी भीक घालत नाही.

गाडी नुसती बाजाराला जाणार असती तर मी इतकी मागे लागले नसते. वहिनीला आठवा लागलाय. पुढच्या महिन्यात तिला बाळंतपणाला माहेरी सोडायचं, म्हणजे सगळा घाट उतरून चाळीसगावच्याही पलीकडं. एसटीचे धक्के नकोत म्हणून तू आपल्याच जीपनं नेणार, हे बरोबरच आहे. पण त्या उतारावर घरच्या दुरुस्तीचा मला भरवसा वाटत नाही. दोन्ही कॅलिपर नवे घाल, एवढं माझं ऐक.

वहिनीला म्हणावं, पाय वर घेऊन बसत जा. आणि तू, माया आहे तेवढीच राहू दे, हट्ट तेवढा कमी कर.

तुझी,
शालू

---

आपली वस्ती, ता. कन्नड,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. शालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

साहेबीणबाई, तुमचं पत्र पोचलं. आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चिमट्याचं ऐकून ते म्हणाले की पोरगी चांगलं समजावून सांगते, आणि लगेच म्हणाले की बदलायचं काही नाही.

त्यांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. सगळा कळप विकून ही जीप घेतली, म्हणून तिच्यातला एक खिळाही त्यांना परका वाटत नाही. मेंढरू लंगडलं म्हणून कुणी टाकून देत नाही, पायाला बांबूची खपाटी बांधून त्याला चालतं करायचं, असं ते मला दिवसातून दोनदा ऐकवतात. आता मी काय बोलू? आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं की जमेल. एवढी वर्षं गाडी हाकतोय, तिचं पोट उघडायला मला दुसरा माणूस कशाला हवा?

डावा कॅलिपर मी अंगणातच उघडला. पिस्टन काही केल्या निघेना. शेवटी चाकात हवा भरायचा पंप लावला. पिस्टन असा सुटला की थेट आबांच्या तांब्यावर. तांब्याला पोचा आला आणि आबा पाण्यानं चिंब. तुझी वहिनी, सुलेखा, इतकी हसली की तिला भिंतीला टेकवून बसवावं लागलं. पिस्टनचा गंज वरवरचा आहे, बारीक कागदानं घासून साफ केला. तू फक्त चांगल्यातल्या रबरांची जोडी पाठव.

रागावू नकोस. तुझ्यावर राग आला तरी तो माझ्यानं दुपारपर्यंतच टिकतो.

तुझा,
अजिनाथदादा

---

चितेगाव,
दि. २४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आबांचा तांब्या आणि तुझा पंप वाचून मीही हसले, आणि मग मनात आलं, तो पिस्टन वहिनीला लागला असता तर?

तुम्ही दोघं एक झालात की माझं काय चालणार? रबरं पाठवतेय. पण मनापासून नाही, हे लक्षात ठेव. पिस्टनवरून नख फिरव. नख कुठंही अडकलं तर तो पिस्टन फेकून द्यायचा, मग घासत बसायचं नाही. सगळं धुवायचं ते ब्रेक ऑइलनं, रॉकेल-डिझेल जवळ आणायचं नाही. आणि सोबत एक छोटी पुडी आहे, तिच्यात या रबराचं खास वंगण आहे. तेवढंच लावायचं, चिमूटभरच पुरतं. दुसरं कुठलं वंगण लागलं तर रबर फुगतं आणि पिस्टन आतल्या आत आवळून धरतं. हे आबांनाही वाचून दाखव.

गाडी आधी आठवडाभर सपाटीवर चालव. तिचं काही वेगळं वाटलं तर मला कळव, स्वतःची समजूत घालू नकोस.

ज्या बहिणीचं ऐकलं नाही तिच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

शालू

---

आपली वस्ती,
दि. ११ डिसेंबर २०२५

चि. शालूस,
अ. आ.

मन फार खट्टू झालंय, म्हणून लिहायला बसलो. रबरं बसवली, नख कुठं अडकलं नाही, ब्रेक कचकन लागतात. दोन-चार दिवसांपासून गाडी जराशी जड ओढते, पण नवं रबर बसायला वेळ लागायचाच.

काल बुधवारी सुलेखाला माहेरी न्यायचं ठरलं होतं. तिची ओटी भरली, शेजारणी निरोप द्यायला आल्या, पिशव्या गाडीत ठेवल्या. आणि आबा येऊन गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसले. म्हणाले की मांजर आडवं गेलं, आज निघायचं नाही. मी म्हटलं की मांजर कुठंय, मला तर दिसलं नाही. त्यांनी पाहिलं म्हणे. मग दुसऱ्या दिवशी निघू म्हटलं तर उद्याही नको म्हणाले. सगळ्यांसमोर माझा आवाज चढला, शालू. म्हाताऱ्या बापाला मी नको ते बोललो. सुलेखा रडत घरात गेली. तिची आई तिकडं भाकरी करून वाट बघत होती.

आबा असे कधी नव्हते. कळप गेल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं, संध्याकाळी गाडीभोवतीच फिरत असतात. मला भीती वाटते. तू त्यांना एक पत्र लिही. तुझं ते ऐकतील.

तुझाच,
दादा

---

चितेगाव,
दि. १४ डिसेंबर २०२५

ती. आबांना,
शालूचा साष्टांग नमस्कार.

तब्येत बरी असेल अशी आशा आहे. दादाचं पत्र आलं. त्याला मी फोन करून एवढंच सांगितलं की माझा निरोप येईपर्यंत गाडी हलवू नकोस. त्यानं कारणही विचारलं नाही, म्हणजे घाबरलाय.

आबा, तुम्ही ऐन अमावास्येला कळप घेऊन बाहेर पडायचात. आई दारात आडवी उभी राहून नको म्हणायची, तरी तुम्ही हसत निघायचात. मांजराचं कुणी सांगितलं तर त्याची टिंगल करायचात. मग या वयात मांजराला कसे भ्यालात, हे काही मला पटलं नाही. मला वाटतं, तुम्हाला दुसरंच काहीतरी दिसलं. दादा लिहितो की गाडी जड ओढते. ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

रबराला पुडीतल्याशिवाय दुसरं वंगण लागलं असेल तर मला सांगा. कुणाच्या हातानं लागलं, हे मला नकोय. दादाला मी काही विचारलं नाही. त्याला सांगण्यासारखं असतं तर तुम्ही मांजर पुढं केलंच नसतं.

तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे, तरी चार ओळी तुमच्या हातच्या पाठवा. पायांवर डोकं ठेवते.

तुमची,
शालू

---

वस्ती,
दि. १८ डिसेंबर

माझ्या शालूबाईला मुंजाबाचा पोटभर आशीर्वाद.

चौथीत शाळा सुटली, तव्हापास्नं कागदावर लई लिवलं नाय. अक्षर येडंवाकडं हाय, समजून घे.

तू बरोबर वळखलं. मांजर नव्हतं. अजिनाथ रबर बसवत व्हता, मधीच हात धुवाया गेला. तुझ्या पुडीत वंगण एवढंसं. मला वाटलं पोरीनं चिक्कूपणा केला. लोकर कातरायच्या कातरीला लावायचा वंगणाचा डबा अजून कोनाड्यात हाय. मेंढरं गेली, डबा टाकवला नाय. त्यातलं बोटभर घेऊन डाव्या चाकाच्या रबराला चांगलं चोळलं. उजव्याला लावणार तवर अजिनाथ आला, म्हणून ते वाचलं. तुझं पत्र त्यानं वाचून दाखवलं व्हतं. पण मी म्हणलं, जल्मभर ह्याच वंगणानं कातरी चालल्या, हे रबर काय येगळं मागतंय!

कळप रानातनं आला की मी एकेकाच्या कानाला उलटा हात लावायचो, तुला ठाव हाय. ताप आसला की कान सांगतो. हाताची सवय गेली नाय. आता गाडी आली की चाकांना लावतो. अजिनाथ हसतो. सुलेखा जायाच्या आदल्या दिशी गाडी बाजारातनं आली. तीन चाकं कोमट व्हती. पुढच्या डाव्यानं हात भाजला. तव्हाच उमगलं की आपणच आपल्या हातानं घात केला.

मग तोंड उघडून सांगायला काय झालं व्हतं, असं तू म्हणशील. लाज वाटली, बाई. कळप गेला तव्हापास्नं मला ह्या घरात काम नाय. गाडीला हात लावतो तेवढाच दिस बरा जातो. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आबा, आता गाडीलाबी हात लावू नका. म्हणून मांजर केलं. पोरगं चारचौघांत ओरडलं, ते बी ऐकून घेतलं. पण सुलेखाला त्या गाडीत बसू देणार नव्हतो, चाक माझ्या अंगावरनं गेलं आसतं तरी.

तू लाल चिठ्ठी लावली व्हती. मी ती काढली. आता तूच ये, नवं सामान आण. अजिनाथला मी माझ्या तोंडानं सांगतो.

तुझा बाप,
मुंजाबा

---

चाळीसगाव,
दि. ४ जानेवारी २०२६

चि. शालूस,
आता आत्याबाई झालीस, म्हणून मानानं नमस्कारच घे.

काल पहाटे इथल्या दवाखान्यात मुलगी झाली. सुलेखा सुखरूप आहे. फोनवर तू रडत होतीस, मीही रडत होतो, कुणालाच काही सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितो.

तू सुट्टी टाकून आलीस, दोन्ही कॅलिपर नवे बसवलेस, जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढलंस आणि मला नुसतं पान्हा धरायला उभं केलंस. ते फुगलेलं रबर तू आबांच्या तळहातावर ठेवलंस आणि लगेच त्यांना म्हणालीस की पुढचा बोल्ट तुम्हीच आवळा. तू गेल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. तू यायच्या आधी आबांनी मला सगळं सांगितलं, तेव्हा मी ओरडणारच होतो. पण त्यांनी हात पुढं केला. बोटांच्या मागं भाजल्याचा डाग होता. ज्या हाताला मी रोज हसत होतो त्यानंच माझी बायको आणि पोर वाचवली. शालू, मी बापाचे पाय धरले, तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

घाट उतरताना आबांनी तीन वळणांवर गाडी थांबवायला लावली. दर वेळी खाली उतरायचे, चारी चाकांना उलटा हात लावायचे, पुढच्या डाव्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचे. मग वर चढून सांगायचे की गार हाय, चला. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या, मी हात दाखवून त्यांना पुढं जाऊ दिलं. सुलेखा म्हणाली की या घाटात तिला इतकी शांत झोप कधी लागली नव्हती.

नाव तुलाच ठेवायचंय, आत्याचा मान आहे. बारशाला ये. तुझ्या पसंतीची चिठ्ठी लागल्याशिवाय या घरात आता काही चालायचं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. काल बाळाला बाहेर आणलं तेव्हा सगळे तोंड बघायला धावले, आबा मात्र मागंच उभे होते. मी बोलावलं तर म्हणाले की माझे हात खरखरीत आहेत. मी बाळाला त्यांच्या जवळ नेलं. त्यांनी तोंडाकडं पाहिलंच नाही. तोच डागाचा हात उलटा करून हळूच तिच्या कानाला लावला, डोळे मिटले, आणि घाटात तीनदा म्हणाले होते तेच चौथ्यांदा म्हणाले, की गार हाय, चला.

तुझा,
दादा