व्हर्लीनसाठी चाकांवरचं घर

४ ऑगस्ट, पहाटे
मोटारसायकलचा तो आवाज आज पुन्हा कानात आला. दोन लाथांत सुरू व्हायची. आधी खोकायची, मग घसा साफ करून गायला बसलेल्या माणसासारखी लय धरायची. आणि त्या लयीवर मागच्या सीटवरून व्हर्लीनचं हसणं. साल त्र्याहत्तर, स्टॅन्लीचा घाट, निळे डोंगर. डोळे उघडले तर घरात फक्त फ्रीजची घरघर.

व्हर्लीन जूनपासून बॉइझीला आहे, लेकीकडे. जाताना म्हणाली, "वेंडल, आयुष्यभर तू बोललास आणि मी ऐकलं. आता मला शांतता हवीय. परत कधी येशील म्हणून विचारू नकोस." मी यावर नीट विचार केला. अर्थ उघड आहे. तिला हवापालट हवाय.

निश्चय: २८ सप्टेंबरला, लग्नाच्या वाढदिवशी, लेकीच्या दारात चाकांवरचं घर घेऊन उभं राहायचं. साधं नव्हे. ज्याची मान पिकअपच्या हौद्यात टेकते आणि ज्याच्या मागच्या पोटात मोटारसायकल ठेवायला गॅरेज असतं, ते. मागची भिंत खाली सोडली की उतार तयार. उतारावरून मी मोटारसायकल घेऊन खाली येणार, ती दारात उभी असणार. पुढचं ती बघून घेईल.

दुसरा निश्चय: विक्रेत्यांसमोर कविता म्हणायच्या नाहीत. भाव वाढवतात.

६ ऑगस्ट
ट्विन फॉल्सला अशा घरांच्या दुकानात गेलो. एकेक गाडी म्हणजे राजवाडा. गॅरेजमध्ये उभा राहून पाहिलं, तर आवाज काय घुमतो! मिस हॅलोरनने आठवीत पाठ करून घेतलेली कविता सगळीच्या सगळी म्हटली. (निश्चय उद्यापासून.) ट्रेस नावाचा पोरगेला विक्रेता शेवटपर्यंत उभा होता. डोळे ओलावले होते त्याचे. बाहेर धूळ फार होती, असं त्याने सांगितलं.

मग म्हणाला, "काका, गाडी कुठली तुमची?" दाखवली. पिकअपचं दार उघडून आतलं वजनाच्या मर्यादेचं स्टिकर वाचलं आणि दार हळूच लावलं, डॉक्टर फाइल मिटतात तसं. म्हणाला, हिची नुसती मान टेकवली तरी तुमचा पिकअप खाली बसेल. ओढायचं राहू द्या.

आजकालच्या पोरांत हिंमत नाही.

९ ऑगस्ट
शेजारच्या रूलनला सांगितलं. त्याने चाळीस वर्षं शेतातून साखरेचं बीट वाहिलंय, मागे चार चाकांचा दांडगा पिकअप बाळगून आहे. त्याचं मत असं: "वेंडल, तुझ्या गाडीवर ती मान ठेवलीस तर पुढची चाकं वर जातील. मग तू आभाळाकडे बघत बॉइझीला पोचशील. कविता करायला बरं." मग विचारलं, "व्हर्लीनला हे माहीत आहे?"

म्हटलं, सरप्राइज आहे.

रूलन बराच वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला. प्रभावित झाला असावा.

१५ ऑगस्ट
व्हर्लीनशी फोन. तिला थोडं तयार करावं म्हणून स्टॅन्लीच्या घाटाचा विषय काढला. म्हटलं, मागे बसून काय हसायचीस तू! ती म्हणाली, "हसत नव्हते. माझे दात वाजत होते. थंडीने. तुला चार वेळा सांगितलं होतं थांब म्हणून."

पाऊण मिनिट शांतता. पूर्वी ती इतका वेळ फोन धरून ठेवत नसे. प्रगती आहे.

टीप: त्या घरात हीटर हवा. चांगला.

२२ ऑगस्ट
नव्या गाड्यांचा नाद सोडला, त्यांना आत्मा नसतो. फायलरजवळ डॉर्सी नावाच्या गृहस्थाकडे जुनी मिळाली. त्याचे गुडघे गेलेत, म्हणून विकतोय. आत भुऱ्या रंगाची गादी, दोन शेगड्या, हीटर चालू. गॅरेजमध्ये कुत्र्याचा वास. व्हर्लीनला कुत्रे आवडतात. किंवा मांजरं. दोहोंपैकी एक नक्की.

डॉर्सीला विचारलं, तुमच्या सौभाग्यवती यायच्या का बरोबर? म्हणाला, "एकदा आली. यलोस्टोनला. परतताना विमानाने गेली." हसलो आम्ही दोघं. तो जरा कमी हसला.

रूलन त्याचा पिकअप एक दिवस द्यायला तयार झाला. म्हणाला, "तू दुसरीकडे जाऊन जीव देशील, त्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर शिक." मित्र असावा तर असा.

गाडीच्या बाजूला रंगवायला दोन ओळी सुचल्या:

चल सखे, चाकांवरती घर बांधू लहानसे,
मागे धूळ उडू दे, पुढे आकाश छानसे.

दुसऱ्या ओळीत अजून काम हवंय.

३१ ऑगस्ट
उद्या चाचणी. बीट टाकायचं आवार हंगामापर्यंत रिकामं असतं, डॉर्सी घर तिथे आणून ठेवणार. झोप येत नाहीये. दाढी आत्ताच करून ठेवली.

१ सप्टेंबर, दुपार
हे शांतपणे लिहितो आहे.

रूलनचा पिकअप मागे घेतला. पहिल्याच प्रयत्नात (म्हणजे सहाव्या) मान बरोबर हौद्यातल्या पकडीत बसली. खट्ट! असा गोड आवाज झाला. या भागात शेंबडं पोरही जाणतं की पकड बसली तरी विश्वास ठेवायचा नाही. घराचे टेकूचे पाय जमिनीवरच ठेवायचे, घराचे ब्रेक दाबायचे, पिकअप तसूभर पुढे ओढून बघायचा, आणि मगच पाय वर घ्यायचे. मीही जाणतो. पण खट्ट झालं आणि समोर आवाराच्या टोकाला डोंगर असे काही उभे होते, की दुसऱ्या ओळीचं काम आपोआप झालं. खिडकीतून मान बाहेर काढून मी ती डॉर्सीला आणि रूलनला म्हणून दाखवली. म्हणता म्हणता बटण दाबून पाय वर घेतले. आणि निघालो.

मी निघालो. घर नाही निघालं.

मान पकडीतून सुटली आणि पिकअपच्या हौद्याच्या दोन्ही कडांवर बसली. आवाज लिहिता येणार नाही. कडा बटाट्याच्या सालीसारख्या बाहेर वळल्या. मानेखालची लोखंडी पाटी वाकली.

डॉर्सी म्हणाला, "आता ही गाडी तुमचीच, मालक."

वळलेल्या कडेवरून रूलनने एकदा हात फिरवला, आजारी घोड्यावरून फिरवतात तसा, आणि बीटाच्या रस्त्याने पायी घरी गेला.

दुसरी ओळ विसरलो. चांगली होती.

५ सप्टेंबर
क्रेनवाल्यांनी घर आणून आमच्या अंगणात ठेवलं. पाटी बदलल्याशिवाय हलवायचं नाही, असं बजावून गेले. वेल्डिंगवाला म्हणतो, बीटाचा हंगाम संपू द्या, थँक्सगिव्हिंगनंतर, डिसेंबरात बघू.

बेत बदलला नाही. दिशा बदलली. मी बॉइझीला जाण्याऐवजी व्हर्लीन इथे येईल. दर खेपेला आपणच जायला हवं असं कुठे आहे?

११ सप्टेंबर
लेकीला, कॉर्लिसला, फोन. आईला दे म्हटलं. म्हणाली, "बाबा, आई बाहेर गेलीय." कुठे? "बाहेर." कधी येईल? "बाबा, तू तिच्याशी बोल ना एकदा." अगं, त्यासाठीच तर फोन केलाय म्हटलं. ती काही तरी बोलणार होती, मग नातवाला हाक मारायला गेली आणि परत आलीच नाही.

व्हर्लीन या वयात इतकी हिंडतेय. तब्येत सुधारली म्हणायची.

१४ सप्टेंबर
पुन्हा फोन. पुन्हा बाहेर.

रूलनच्या दारात ह्यूकलबेरीच्या पेस्ट्रीचा खोका ठेवून आलो, बेकरीतला. संध्याकाळी तो खोका माझ्या कुंपणावर होता. न उघडलेला.

१९ सप्टेंबर
आता चाकांवरच्या घरातच झोपतो. सवय हवी. पावसाचे थेंब छतावर मिस हॅलोरनच्या छडीसारखे वाजतात. हीटर डॉर्सीकडे चालत होता, इथे चालत नाही. मोटारसायकल गॅरेजमध्ये चढवायला गेलो. उतारावर अर्ध्यात अडकली, अजून तिथेच आहे. न चढता न उतरता. त्यावर कविता होईल, पण आत्ता नको.

व्हर्लीनला पत्र टाकलं. लिहिलं, २८ तारखेला दुपारी जेवायला ये, घरी नव्हे, घराजवळ. कोडं घातलंय. कोडी तिला आवडत नाहीत, पण उत्सुकता ही गोष्टच वेगळी.

२६ सप्टेंबर
उत्तर नाही. म्हणजे नकारही नाही.

कुत्र्याचा वास घालवण्यासाठी दालचिनी उकळली. आता दालचिनी खाल्लेल्या कुत्र्याचा वास येतो.

२८ सप्टेंबर, सकाळ
दाढी. निळा शर्ट. चीज घालून भाजलेले बटाटे, तिची पद्धत, माझा हात. छोट्या टेबलावर दोन ताटल्या. बेत असा: ती पायरी चढणार, मी काहीच बोलणार नाही. अजिबात नाही. तिला शांतता हवी आहे ना? आख्खं जेवण शांततेत देणार. मग तीच म्हणेल, वेंडल, काही तरी म्हण ना.

तोवर थोडी तालीम करून घ्यावी.

त्याच दिवशी, दुपार
कवितेच्या मध्यात होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. मी ताबडतोब गप्प बसलो. शर्ट सारखा केला. दार उघडलं.

एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. गळ्यात चष्म्याची साखळी, पायात लाल बूट. मागे रस्त्यावर मोठी व्हॅन. म्हणाली, "वेंडल ना तुम्ही? केव्हाची घरची बेल वाजवतेय. मग इथे कोणीतरी कविता म्हणताना ऐकलं. म्हटलं, हेच ते. मी मोझेल. व्हर्लीनची रूममेट."

विचारलं, कुठल्या रूमची?

"अहो, आमच्या फ्लॅटची. ऑगस्टपासून राहतो की आम्ही दोघी." माझ्याकडे बघून ती थांबली. "कॉर्लिस सांगणार होती तुम्हाला."

व्हर्लीन व्हॅनमध्ये आहे का, विचारलं. म्हणाली, नाही. तिने गोधडी ताणून शिवायची चौकट मागवलीय, शिवणाच्या खोलीतली, आठ फुटी. गुरुवारी बायका जमतात, गोधडी घालायची आहे. पत्र मिळालं तिला. वाचलं. तब्येत जपा म्हणाली.

बटाट्यांचा वास येत होता. मोझेलने आत डोकावून दोन ताटल्या पाहिल्या आणि नजर छताकडे नेली. मग उतारावर अडकलेल्या मोटारसायकलकडे. सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे कुठे जातं का?"

नाही, म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग या जरा. चौकट जड आहे, एकटीला नाही उचलायची. एक टोक तुम्ही धरा."