चढावरचे आकडे

सोमवार, ३ मार्च

सहा घड्याळं आली, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी! टेबलावर सहा डबे, आणि प्रत्येकावर छापलेलं — अचूक. सगळीच अचूक असतील तर मासिक आम्हा दोघांना पगार कशाला देतं?

रेडिओने त्यांच्यावर नंबर चिकटवले, एक ते सहा. (नऊ वर्षं शेजारी बसतोय, तोंड कधी बंद पाहिलं नाही, म्हणून रेडिओ.) नियम नेहमीचाच. एक दिवस मी धावायचं, दुसऱ्या दिवशी तीच घड्याळं घालून त्याने. छातीला पट्टा बांधायचा, कारण ठोके खरे तोच मोजतो. पट्ट्याशेजारी घड्याळांचे आकडे लिहायचे आणि शेवटपर्यंत एकमेकांना कागद दाखवायचा नाही. एकाचं काही चुकलं तर दुसऱ्याच्या कागदावरून कळतं.

यंदा माझा स्वार्थ आहे. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला चार महिने झाले. डॉक्टरांनी बजावलंय — चाला, पण ठोके एकशे दहाच्या वर गेले की थांबा. यातलं जे पहिलं येईल ते बाबांच्या मनगटावर.

मंगळवार, ४ मार्च

आज चढ. पाण्याच्या टाकीपर्यंत तीन खेपा, दर खेपेला दोन घड्याळं — एक डाव्या हातात, एक उजव्या. जीव निघाला! टाकीवरचा वॉचमन म्हणतो, "ताई, दोन-दोन घड्याळं, तरी उशीरच?" मेल्याला उत्तर द्यायलाही दम नव्हता.

बुधवार, ५ मार्च

रेडिओचा चढ झाला. "पाय गेले गं माझे!" दिवसभर हेच. मला दया आली, माझ्या डब्यातलं अर्धं त्याला दिलं.

सोमवार, १० मार्च

कागद उघडले. चार नंबर पहिलं! चढावरसुद्धा पट्ट्यापेक्षा फार तर दोन-तीन ठोक्यांचा फरक. तीन नंबर साफ आपटलं, चढ लागला की तीस-तीस ठोके कमी दाखवतं. माझ्या कागदावर हेच, त्याच्याही कागदावर हेच. संपादकबाई खूश — "तुमचं दोघांचं इतकं जुळतं की मला तपासायलाच नको." अंक महिनाअखेरीस छापायला जाईल.

बाबांसाठी चार नंबर संध्याकाळीच विकत आणलं. बाबा म्हणाले, "मला दम लागलाय हे मला कळत नाही, याला कळणार?" पण रात्री बांधूनच झोपले.

रविवार, १६ मार्च

बाबांबरोबर टाकीच्या रस्त्याने गेले. अर्ध्यावर त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "बघ, शहाण्णव! तुझा बाप अजून तरणाबांड आहे." आणि पाऊल उचललं झपाझप. मला त्यांचे ओठ पांढरे दिसले. हात धरून थांबवलं, नाडीवर बोटं ठेवली, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं. एकशे अठ्ठावीस!

कट्ट्यावर बसवलं. ते कुरकुरतायत — "अगं, घड्याळ खोटं बोलतंय का? तूच निवडलंस ना?" घरी येऊन ते घड्याळ काढून घेतलं आणि माझं त्यांना बांधलं, मागच्या वर्षी पहिलं आलेलं.

सोमवार, १७ मार्च

घड्याळांच्या पोटातली नोंद काढून बघितली. चार मार्च, चढ. पट्ट्याशी जुळतंय तीन नंबर! चार नंबर नाही. म्हणजे मी डावं-उजवं उलटं केलं. तीनचे आकडे चारच्या रकान्यात, चारचे तीनच्या. गाढव कुठली! चूक माझी, शंभर टक्के.

पण मग रेडिओच्या कागदावर तीच चूक कशी आली? तो दुसऱ्या दिवशी गेला, त्याने त्याच्या हातांनी बांधली. पाच मार्चची नोंद शोधली. एकाही घड्याळात पाच मार्च नाही. एक पाऊलसुद्धा नाही! तो टाकीकडे फिरकलाच नव्हता. माझा कागद ड्रॉवरमध्ये असतो, कुलूप मी कधी लावलं नाही. आकडे माझेच, कुठे दोन वाढवलेले, कुठे एक कमी केलेला.

नऊ वर्षं! माझी चूक पकडायला तो होता, आणि त्याने ती चूक सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. तेवढ्या भरवशावर मी माझ्या बापाला चढ चढवला. आणि पाय गेले म्हणून माझा डबा खाल्ला मेल्याने!

मंगळवार, १८ मार्च

दोन्ही कागद त्याच्यासमोर आपटले. रेडिओ बंद. शेवटी म्हणाला — "सकाळी आईला उठवून बसवावं लागतं गं. सांभाळणारी बाई नऊशिवाय येत नाही. दोन महिने झाले."

मग सांगायचं होतंस!

"सांगणारच होतो."

केसाने गळा कापलास माझा, म्हटलं. बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर? मग विचारतो, "आता ते काय घालतात?" मागच्या वर्षीचं, म्हटलं. हळूच म्हणाला, "तेही एकदा पट्ट्याला लावून बघ."

निर्लज्ज! चोरी स्वतः करायची आणि अक्कल मला शिकवायची. डोळ्यांत पाणी आलं, त्याला दिसू दिलं नाही.

बुधवार, १९ मार्च

संपादकबाईंना लेखी तक्रार दिली.

शुक्रवार, २१ मार्च

बाबांना पट्टा बांधून टाकीच्या रस्त्याला नेलं. पट्टा एकशे सात, घड्याळ एकशे सहा. बरोबर आहे. म्हणजे मागच्या वर्षी तो खरंच धावला होता.

मी नव्हते धावले. एकदाही नाही. आजारपण नव्हतं, अडचण नव्हती — थंडीत उठायचा कंटाळा. हे मी या वहीतही कधी लिहिलं नाही. त्याच्या ड्रॉवरमधून कागद काढून आकडे उतरवत होते, तेव्हा त्याने मला पाहिलं. बोलला नाही काही. दुसऱ्या दिवसापासून कागद टेबलावरच ठेवायला लागला, मला दिसेल असा.

आज संपादकबाईंनी त्याला कामावरून काढलं. त्याने माझं नाव घेतलं नाही.