नानांच्या खांद्यासाठी

धुळे, भाद्रपद शुद्ध ३, शके १८८०

तीर्थस्वरूप झुलालदाजी यांस,

धाकटा मेहुणा लोटन याचा वाकून नमस्कार. रडून बसलेला अक्काचा घसा आता उघडला असेल आणि आपला रागही उतरला असेल, अशी आशा धरून लिहितो.

"नानांच्या खांद्यासाठी ताबडतोब यावे" या माझ्या पोस्टकार्डात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती (मास्तरांना दाखवले होते). वडिलांचा उजवा हात वर जात नाही, देवपूरच्या डॉक्टरांकडे न्यायला सोबत हवी, एवढाच त्याचा अर्थ. आपण शिरपूरहून चार भाऊबंद आणि तिरडीची सुतळी घेऊन याल हे माझ्या ध्यानात आले नाही. अक्काने गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फोडला तेव्हा नाना ओट्यावर भरीत-भाकर खात होते. घास ठेवून, उपरणे घेऊन तेच उठले, "कोन मरनं रे? चला, मी बी येस. पन मना डावाच खांदा चाली." आपण चहा न घेता परतलात, म्हणून पुढचे कळवतो.

नानांना घोर एकच होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने ते स्वतः मळतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे, हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन (नाव दोनदा विचारून घेतले) थेट खांद्यात देऊ, मग काही दिवस ओझे उचलायचे नाही. मला वाटले, नाना चिडणार. ते म्हणाले, "बैलना खांदा दुखना म्हंजे मी बी त्याले जू लावत नही." डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. सुई बोटभर लांब होती. नानांची पापणी हलली नाही, आणि डॉक्टरांचा हात, वेसण घालताना नानांचा असतो तसा, अगदी शांत.

आधी ठणका वाढला, मग उतरला. खांदेमळणीला नानांनी सोन्या बैलाच्या वशिंडापर्यंत हात नेला, थांबले, आणि आणखी वर नेला. आई दारात उभी होती, ती डोळ्याला पदर लावून आत गेली.

आपला,
लोटन

ता. क. नानांची पापणी हलली नाही हे मला डॉक्टरांनी, आणि डॉक्टरांचा हात शांत होता हे नानांनी, मागाहून सांगितले. मी त्या वेळी जमिनीवर होतो.

आणखी ता. क. पडताना माझा खांदा टेबलावर आपटला. मंगळवारपर्यंत ठणका न उतरल्यास तीच सुई, असे डॉक्टर म्हणतात. तरी माझ्या खांद्यासाठी ताबडतोब यावे. (मी जिवंत आहे. सुतळी आणू नये.)