आई सध्या रस्ता ओलांडतात

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात मी खिडकीत शिलाईमशीनपाशी उभी आहे आणि एक डोळा रस्त्यावर आहे, तेव्हा अक्षर जिथे वाकडं दिसेल तिथे एखादी गाडी गेली असं समजावं). तुमची प्रकृती कशी आहे? यजमानांची कंबर आता बरी असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं दरवेळी लिहिते तसं आत्ताही लिहून पाहिलं, पण त्या वाक्याच्या पुढे हात सरकेना म्हणून खोडलं. वर शाईचा डाग दिसतो आहे तो त्याचाच.

आधी रस्त्याचं सांगते, कारण तुमच्या आईंचं जे काही झालं ते रस्त्यामुळे झालं. मोठा पूल दुरुस्तीसाठी बंद केला आणि यच्चयावत गाड्यांना शोध लागला की आपल्या गल्लीतून घुसलं की पाच मिनिटं वाचतात. ती पाच मिनिटं वाचवून ही माणसं पुढे काय करतात देव जाणे, पण वाचवायची तर सगळीच्या सगळी आपल्याच घरासमोर, असा त्यांचा निश्चय दिसतो. कपाटातली भांडी दिवसभर थरथरतात. गेल्या महिन्यात समोरच्या सुताराची आठ वर्षांची मुलगी कडेला सायकल लावून पाणी प्यायला घरात गेली, आणि तेवढ्यात एका गाडीने त्या सायकलची घडी घातली. गाडी थांबलीसुद्धा नाही. सुताराने ती सायकल अजून टाकलेली नाही, फाटकाशी तशीच उभी केली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

तुमच्या बंधूंनी गतिरोधकासाठी अर्ज केले. (त्यांचे अर्ज तुम्हाला ठाऊक आहेत. लग्नाआधी मला आलेल्या पहिल्या पत्रातही त्यांनी वर ‘विषय’ आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ घातलं होतं, आणि ती प्रत तुम्हालाच पाठवली होती.) चौथ्या अर्जाला रस्ते खात्याचे साहेब स्वतः आले. त्यांनी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या. गाडी त्यावरून गेली की तिचा वेग एका डबीत नोंदला जातो म्हणे. सकाळी आठ ते दहा मोजणी झाली. आठवड्याने निकाल आला: आपल्या गल्लीतला सरासरी वेग ताशी अकरा किलोमीटर. याहून हळू जायचं तर गाड्यांना मागे जावं लागेल, असं साहेब म्हणाले, आणि ते थट्टा करणारे गृहस्थ नाहीत. अर्ज निकाली.

आम्ही दोघं चक्रावलो. मग उलगडा झाला. त्या सकाळी आईंना वाटलं होतं की नळीचं पलीकडचं टोक नीट ठोकलेलं नाही. ते बघायला त्या वॉकर घेऊन पलीकडे गेल्या, मग अलीकडचं टोक बघायला अलीकडे आल्या, आणि समाधान होईपर्यंत हे चालू राहिलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईंना रस्ता ओलांडायला पाऊण मिनिट लागतं. म्हणजे मोजणी झाली ती आईंच्या वेगाची. तुमच्या बंधूंनी कपाळावर हात मारला. आई मात्र घास हातात तसाच धरून म्हणाल्या, “म्हणजे मी असले की गाड्या हळू जातात.” आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना आई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडल्या. साडेनऊला परत आल्या, बूट काढले आणि मला म्हणाल्या, चौदा झाल्या. चौदा फेऱ्या, वन्सं. तेव्हापासून रोज. बत्तीस वर्षं रुग्णालयाचा वॉर्ड सांभाळलेली बाई, तिला एकदा ड्यूटी लागली की रजा माहीत नाही. त्या मध्यावर आल्या की जरा थांबतात, आणि थांबलेल्या गाडीतल्या माणसाला वॉर्डातल्या पेशंटसारखं निरखतात. एका हॉर्न वाजवणाऱ्या गृहस्थाला त्यांनी काच खाली करायला लावली आणि सांगितलं, तुमचे डोळे पिवळे दिसतात, आजच रक्त तपासा. तो रागावून गेला. बारा दिवसांनी तोच गृहस्थ डॉक्टरांचा कागद घेऊन दारात उभा, कावीळ निघाली होती. (आता तो दुसऱ्या रस्त्याने जातो, पण कृतज्ञतेने.) गल्लीत आईंचं कौतुक सुरू झालं. माझं काय होत होतं ते कुणी विचारलं नाही. खिडकीतून बाहेर बघत शिवायचं म्हणजे काय, ते सांगते: एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून दिले. माझे कान दिवसभर ब्रेकच्या आवाजाकडे. रविवारी गाड्या नसतात, तरी पाऊण-पाऊण मिनिटाने दचकते.

आता गुरुवारचं. हे लिहायचं टाळत होते.

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आई मधोमध होत्या. कोपऱ्यावरून सामान पोचवणारी पांढरी व्हॅन वळली. ऊन तिच्या समोरून येत होतं, आणि चालवणाऱ्याची मान खाली, फोनकडे. मला तो स्पष्ट दिसत होता आणि त्याला आम्ही कुणीच दिसत नव्हतो. मी हाक मारली का नाही, आठवत नाही. सुतार म्हणतो, मारली. मी अनवाणी, गळ्यात टेप, एक हात दुसऱ्या कुणाच्या तरी शर्टाच्या बाहीत, अशी रस्त्यात होते. आईंना धरलं आणि डोळे मिटले. ब्रेकचा आवाज इतका लांबला की मला वाटलं, यात आपलं सगळं होऊन गेलं असेल. डोळे उघडले तेव्हा व्हॅनची नंबरपाटी वॉकरसमोर होती. नंतर मी टेपने मोजलं (का मोजलं विचारू नका, हात आपोआप गेला): अकरा इंच. तो पोरगा उतरला आणि तिथेच कडेला खाली बसला. आईंनी वाकून त्याची नाडी पाहिली आणि त्याला साखरपाणी द्यायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, काय धीराची बाई. नाडी मोजताना त्यांचे आकडे दोनदा चुकले, ते फक्त मला ऐकू आलं.

दुपारी त्या जेवल्या नाहीत. मी पाटावर बसून काज करत होते, तेव्हा आपण होऊन म्हणाल्या, “मला गाडी ऐकू आली होती गं. पाय निघालेच नाहीत.” मग म्हणाल्या, “हे मुलांना कळवू नकोस.” (मी कळवते आहे. वाचून झाल्यावर हे पान फाडावं.)

शुक्रवारी सकाळी मी वॉकर कपाटात कापडाच्या ताग्यांमागे लपवला. आठला पाच कमी असताना बूट घातल्याचा आवाज आला. मी भांडणाच्या तयारीने उभी. आई रागावल्या नाहीत, वॉकर मागितलाही नाही. भिंतीला धरत दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “सव्वाआठला सुताराची पोर शाळेला निघते. आज तिला पलीकडे कोण नेणार, तेवढं सांग. मग मी बसते.” तुमचे बंधू तोवर कामाला निघून गेले होते. (पाचवा अर्ज त्यांच्या खिशात होता.)

तेव्हा वन्सं, हात जोडून एकच विनंती. आईंना महिनाभर तुमच्याकडे न्या. तुमचं घर सातव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खाली बागेत गाडी येत नाही. इथे राहिल्या तर त्या ऐकणार नाहीत, आणि अकरा इंच दर वेळी उरत नाहीत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि येताना कळवा म्हणजे वॉकर कपाटातून काढून ठेवीन.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : पत्र पाकिटात घालता घालता रस्ते खात्याचं उत्तर आलं. गतिरोधक मंजूर. कारण असं दिलं आहे की ‘सदर रस्त्यावर एक वृद्ध महिला वाहतुकीस वारंवार अडथळा निर्माण करीत असल्याने’. काम पूल सुरू झाल्यावर हाती घेतील. म्हणजे गल्लीत गाड्या उरणार नाहीत तेव्हा.

ता. क. दुसरा : वॉकर कपाटात आहे असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. शुक्रवारी पोरीला पलीकडे न्यायला मीच गेले, आणि पुढच्या फेऱ्याही घातल्या. पण धडधाकट बाईसाठी कुणी गाडी हळू करत नाही, हे तिसऱ्या फेरीला कळलं. शनिवारपासून मी वॉकर घेऊन जाते. मला गाडी आली की उडी तरी मारता येते. आई खिडकीत माझ्या मशीनपाशी बसून बघतात आणि मी घाई केली की काचेवर टकटक करतात. काल चौदा झाल्या.

ता. क. शेवटचा : त्यामुळे आईंना न्यायचं राहू द्या. माझं शिवण साचलं आहे आणि गिऱ्हाइकं दारात येऊन बसतात. पूल होईपर्यंत तुम्हीच इकडे या. सुताराने तुमच्यासाठी लाकडाचा वॉकर करायला घेतला आहे, तुमची उंची त्याला मी अंदाजाने सांगितली. मात्र येण्याआधी घरातल्या घरात सावकाश चालायचा सराव ठेवा. आई म्हणतात, तुमची चाल लहानपणापासून फार घाईची.