आउटबॉक्समधले मेल

बाबा,

मी अकोल्याले शिवमकडे जाऊन राहिली. तुमी बगीच्यातून येईपर्यंत थांबवलं नाही. भाजी-पोळी झाकून ठेवली आहे.

नर्सरीच्या मेलमध्ये येणाऱ्या मेलचा सर्वर बरोबर होता, जाणाऱ्याचा कोणी टाकलाच नव्हता. म्हणून तुमचे सारे मेल आउटबॉक्समध्येच पडून होते. आज मी तो टाकला, पोर्ट नंबर भरला, अन् सारे एकदम निघून गेले. संत्र्याच्या कलमांचा भाव विचारणाऱ्यांले उत्तरं गेले. पण दिवाळीत रागारागात तुमी शिवमले लिहिलं होतं, या घराची पायरी चढू नको म्हणून, तेही गेलं. मी आधी पाह्यलं नाही, चुकलंच माझं.

एवढं लिहूनही तो संक्रांतीले हासत घरी आला, म्हणून तुमी त्याच्यासंग एक शब्द बोलले नाही. बाबा, त्याले ते भेटलंच नव्हतं. तुमी काहून बोलले नाही, हे तो मले अजून विचारते.

आता तो ते वाचीन. मी पोचायच्या आधी तुमी त्याले फोन करा. मेल नका लिहू. आता ते लगेच जाते.

चंदा